इंडेक्स फंड अकरा वर्षं वापरून: लोक विचारतात ते प्रश्न आणि माझा अनुभव

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. शेअर बाजार हा माझा व्यवसाय नाही आणि माझ्याकडे विकायलाही काही नाही. २०१४ च्या जूनपासून माझ्या पगाराचा दहावा हिस्सा दर महिन्याला एका इंडेक्स फंडात जातो. मध्यंतरी पाच महिने मी तो बंद ठेवला होता. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहे.

वॉशिंग मशीन घेऊन दहा वर्षं झाली की आपण सांगतो ना, किती चाललं, कुठे त्रास दिला, पुन्हा घेशील का विचारलं तर काय म्हणेन, तसंच या फंडाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लॅबमधली नवी मुलं, शेजारी, आईच्या मैत्रिणी, सगळे मला तेच ते सहा-सात प्रश्न विचारतात. प्रत्येकाला दोन मिनिटांत उत्तर देताना काहीतरी राहून जातं. इथे जरा निवांत लिहिते.

आधी वस्तू काय आहे ते. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांची एक यादी असते, तिला निर्देशांक म्हणतात. ज्या कंपनीचं बाजारमूल्य जास्त, तिचा यादीतला वाटा जास्त. इंडेक्स फंड ती यादी समोर ठेवतो आणि त्याच प्रमाणात सगळ्या कंपन्यांचे शेअर घेतो. कुठली कंपनी चालेल, कुठली बुडेल, यावर तिथे कुणी डोकं लढवत बसत नाही. म्हणूनच तो स्वस्त पडतो. सामान्य माणसासाठीचा असा पहिला फंड अमेरिकेत व्हॅनगार्ड या फंड कंपनीच्या जॉन बोगल यांनी १९७६ साली आणला. १५ कोटी डॉलर गोळा करायचे ठरले होते, जमले जेमतेम १ कोटी १३ लाख. पाचशे कंपन्यांची यादी होती, पण सगळ्या घेण्याइतके पैसेसुद्धा त्यात नव्हते. फंड गुंडाळा असं त्यांना सुचवलं गेलं, लोक त्याला ‘बोगलचा वेडेपणा’ म्हणाले. ते मागे हटले नाहीत. हे वाचलं तेव्हा मला या माणसाबद्दल फार आदर वाटला, आणि तो अजून तसाच आहे.

पण मी फंड घेतला तो इतिहास वाचून नाही. माझ्या कामामुळे घेतला.

सकाळी पेशंटचं एकही सॅम्पल मशीनवर लावण्याआधी आम्ही कंट्रोल चालवतो. कंट्रोल म्हणजे असं सिरम, ज्यातली साखर किती यायला हवी, क्रिएटिनिन किती यायला हवं, हे आधीच ठाऊक असतं. ते ठरलेल्या मर्यादेत आलं तरच पुढचं काम. कंट्रोल लावलाच नाही तर मशीन जो आकडा दाखवेल तो खरा की खोटा, हे कळायला काही मार्गच नसतो. आता बघा, कुणी मला म्हणतं, “माझे पैसे पाच वर्षांत दुप्पट झाले.” माझा पहिला प्रश्न तोच येतो: कंट्रोल किती आला? त्याच पाच वर्षांत नुसती सगळी यादी घेऊन बसलेल्या माणसाचे किती झाले? त्याचे अडीचपट झाले असतील, तर दुप्पट करणाऱ्याने मेहनत करून गमावलं. इंडेक्स फंड हा माझ्या हिशोबात तो कंट्रोल आहे. मग विचार केला, की कंट्रोलच विकत मिळत असेल तर तोच का घेऊ नये.

पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: “कुठला शेअर घेऊ?”

हा प्रश्न मला माझ्या दादामुळे नीट कळला. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, स्वतः शेअर निवडतो, वाचतो, मन लावून करतो. त्याच्याबद्दल मला काडीचीही तक्रार नाही. २०१९ च्या सुट्टीत आम्ही दोघं एक वही घेऊन बसलो. त्याने घेतलेले अकरा शेअर, घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, मिळालेला लाभांश, दिलेली दलाली, सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तेवढीच रक्कम त्याच तारखेला माझ्या फंडात टाकली असती आणि त्याच तारखेला काढली असती तर काय झालं असतं, ते. दोन संध्याकाळी गेल्या. अकरापैकी तीन शेअर फंडाच्या पुढे होते. त्यातला एक चौपट झाला होता, आणि घरात सगळ्यांना तोंडपाठ होता तो हाच. बाकीचे आठ मागे. सगळं मिळून बेरीज केली तर दादा फंडाच्या खालीच राहिला होता, फार नाही, पण खाली. दादा वही बंद करून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला वाटत होतं मी बरा पुढे असेन.”

त्याला तसं वाटणं अगदी साहजिक आहे. चौपट झालेला शेअर लक्षात राहतो, पडलेला विकून टाकला की विसरायला होतो. आणि हे एकट्या दादाचं नाही. हेंड्रिक बेसेमबाइंडर नावाच्या प्राध्यापकांनी १९२६ ते २०१६ या काळातले अमेरिकेतले सगळे शेअर तपासले. अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांपेक्षा जी काही जास्त संपत्ती त्या बाजाराने नव्वद वर्षांत तयार केली, ती सगळी साधारण चार टक्के कंपन्यांमुळे होती. उरलेल्या शहाण्णव टक्के कंपन्यांची गोळाबेरीज रोख्यांइतकीच. म्हणजे शंभरातले ते चार सापडले नाहीत, तर एवढी जोखीम घेऊन हाती काही फार लागत नाही. इंडेक्स फंडात ते चार मोठे होत गेले की आपोआप येतात, कारण यादीतले सगळेच त्यात असतात. शहाण्णवांचं ओझंही सोबत येतं. मी ते ओझं स्वीकारलं आहे.

मोठी, जुनी, भरवशाची कंपनी घेऊन ठेवली तर? हाही प्रश्न येतो, विशेषतः वयस्कर लोकांकडून. जनरल इलेक्ट्रिक ही अमेरिकी कंपनी १९०७ पासून सलग डाऊ जोन्स या तिथल्या निर्देशांकात होती. २०१८ च्या जूनमध्ये तिला तिथून काढलं. कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्या आजोबांच्या काळात ही नावं किती भक्कम वाटली असतील. यादीचा फायदा असा, की कंपनी लहान होत गेली की तिचा वाटा आपोआप घटतो आणि एक दिवस ती बाहेर पडते. मला त्यासाठी काही करावं लागत नाही.

दुसरा प्रश्न जरा नाराजीने येतो: “म्हणजे सरासरीवरच समाधान मानायचं?”

इथे मला खरोखर कळकळीने बोलावंसं वाटतं, कारण ‘सरासरी’ हा शब्द फसवतो. बाजारातले सगळे गुंतवणूकदार मिळूनच बाजार होतो. त्यांच्या सगळ्यांच्या परताव्याची सरासरी म्हणजे बाजाराचा परतावा, खर्च वजा जाता. ज्याचा खर्च जास्त तो तेवढा मागे. म्हणून कमी खर्चात सरासरी मिळवणारा बघता बघता निम्म्याहून अधिक लोकांच्या पुढे निघतो. वॉरन बफे या अमेरिकेतल्या नामवंत गुंतवणूकदाराने एका गुंतवणूक संस्थेशी दहा वर्षांची पैज लावली होती, २००८ च्या सुरुवातीपासून २०१७ च्या अखेरपर्यंत. बफे यांच्या बाजूला अमेरिकेतला पाचशे कंपन्यांचा इंडेक्स फंड, समोर तज्ज्ञांनी निवडलेले, हेज फंडांत (म्हणजे श्रीमंतांसाठीच्या, जास्त फी घेणाऱ्या फंडांत) पैसे घालणारे पाच फंड. पहिल्याच वर्षी बाजार कोसळला आणि पाचही तज्ज्ञ फंड पुढे होते. तिथेच कुणी निकाल लावला असता तर बफे हरले असते. दहा वर्षांनी इंडेक्स फंड १२५.८ टक्क्यांनी वाढलेला होता. पाचांमधला सर्वांत चांगला ८७.७ टक्के, सर्वांत मागचा २.८ टक्के. मला या पैजेतलं ते पहिलं वर्षच जास्त शिकवून जातं.

आता खर्चाचा हिशोब, कारण माझी एक तक्रार याच ठिकाणी आहे. समजा बाजार वर्षाला ८ टक्के देतो. १०० टाकले आणि ३० वर्षं हात लावला नाही. फंडाचा खर्च वर्षाला ०.१ टक्का असेल तर शेवटी साधारण ९७९ होतात. खर्च १ टक्का असेल तर ७६१. वर्षाला एक टक्का ऐकायला किती किरकोळ वाटतो, आणि तीस वर्षांनी पाचव्या हिश्श्याहून जास्त गेलेलं असतं. त्याची पावती कुठेही येत नाही, कारण तो खर्च युनिटच्या, म्हणजे फंडातल्या आपल्या एकेका हिश्श्याच्या, भावातूनच रोज थोडा थोडा कापला जातो.

मी सुरुवातीला फंड घेतला तो एका ओळखीच्या एजंटामार्फत. बऱ्याच ठिकाणी एकाच फंडाचे दोन प्रकार असतात, एक मध्यस्थाचं कमिशन धरून आणि एक थेट घेता येतो तो. कंपन्या त्याच, यादी तीच, फक्त खर्च वेगळा. मला दुसऱ्या प्रकाराबद्दल कुणी सांगितलं नाही. मी स्पष्ट विचारलं होतं, “यात तुमचं काय?” उत्तर मिळालं, “तुम्हाला काही द्यावं लागत नाही.” ते वाक्य खोटं होतं असं मी म्हणणार नाही, मला हातात काही द्यावं लागलंच नव्हतं. पण ते उत्तर नव्हतं. दोन वर्षांनी स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात खर्चाचा आकडा दिसला, तेव्हा मी थेट प्रकारात गेले. एजंटाने मदत केली, कागद भरून दिले, वेळ दिला, तर त्याला मोबदला मिळायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. माझं दुखणं एवढंच, की किती आणि कुठून, ते मला विचारल्यावर कळायला हवं होतं. तुम्ही घ्याल तेव्हा खर्चाचं प्रमाण तोंडी ऐकू नका, लिहिलेलं बघा.

काही प्रश्न एका वाक्यात संपतात. युनिटचा भाव १० आहे तो स्वस्त आणि ५०० आहे तो महाग, असं नसतं. आतल्या कंपन्या १० टक्क्यांनी वाढल्या तर दोन्ही १० टक्क्यांनीच वाढतात. शेअरचंही तसंच. एका शेअरचे चार तुकडे केले तर हातात चार येतात, भाव पाव होतो, आणि मालकी होती तेवढीच राहते. लाभांश हा वरचा पैसा नाही, तो वाटला जातो तेव्हा भावातून साधारण तेवढाच कमी होतो. म्हणून मी वाढीचा पर्याय घेतला, लाभांश आतच राहतो. फंड चालवणारी कंपनीच बुडाली तर? शेअर त्या कंपनीच्या मालकीचे नसतात. ते वेगळ्या संस्थेच्या ताब्यात, फंडाच्या नावाने ठेवलेले असतात, कंपनीकडून ज्यांचं येणं आहे त्यांना त्याला हात लावता येत नाही. हा प्रश्न आई विचारते, दर वर्षी, आणि मी दर वर्षी तेच सांगते.

“आत्ता टाकू, की जरा खाली आल्यावर?” हा मात्र एका वाक्यात संपत नाही.

व्हॅनगार्डने २०१२ साली अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन बाजारांचा जुना इतिहास तपासला होता. हातात मोठी रक्कम आहे, तर ती एकदम टाकावी की बारा महिन्यांत विभागून? साधारण तीनपैकी दोन वेळा एकदम टाकणारा पुढे राहिला. कारण सरळ आहे, बाजार पडण्यापेक्षा चढण्यात जास्त काळ घालवतो आणि बाहेर थांबलेले पैसे तो चढ गमावतात. पण उरलेली ती तिसरी वेळ आपल्याच वाट्याला आली तर काय, ही भीतीही खोटी नाही. आणि भीतीने माणूस मधेच सगळं विकून बसला, तर तीनपैकी दोनचं गणित त्याच्या काही उपयोगाचं नाही. पगारदार माणसाला हा प्रश्न फारसा पडतच नाही, कारण पैसे येतातच महिन्याला. माझा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी जातो. भाव काय आहे ते मी बघत नाही. स्वस्त असेल तर जास्त युनिटं येतात, महाग असेल तर कमी.

आता ते पाच महिने.

२०२० चा मार्च. लॅबमध्ये आम्ही अर्धेच लोक होतो, अर्धे घरी. डबल ग्लोव्ह्ज, मास्क, त्यावर फेस शील्ड, आणि आत घामाचे थेंब चष्म्यावर. सॅम्पलचे ट्रे येतच होते. मधे दहा मिनिटं बाहेर आले, हात धुतले, फोन उघडला. बाजार बंद पडायची वेळ झाली होती. फंडाचं पान उघडलं तर सहा वर्षांत जमलेला सगळा नफा गेलेला. हिरवा आकडा नाही, लाल. माझ्या शेजारी आमची ज्युनिअर उभी होती, तिनेही माझं बघून दोन वर्षांपूर्वी हप्ता सुरू केला होता. तिच्या फोनवर तर मुद्दलच कमी दिसत होतं. ती म्हणाली, “ताई, काढून घेऊ का? जे उरलंय ते तरी?”

मी तिला म्हणाले, “काढू नकोस.” ते उत्तर बरोबर होतं, पण तेव्हा मला त्याची खात्री नव्हती, आणि हे मी तिला नंतर सांगितलं आहे. १९ फेब्रुवारी ते २३ मार्च, जेमतेम पाच आठवड्यांत अमेरिकेचा तो पाचशे कंपन्यांचा निर्देशांक ३४ टक्क्यांनी पडला होता. जगभर तेच चित्र. मी विकलं नाही. पण त्याच रात्री घरी येऊन मी पुढचा हप्ता थांबवला. मनाशी म्हटलं, जरा स्थिरस्थावर होऊ दे. एप्रिल गेला, मे गेला. बाजार वर यायला लागला तेव्हा वाटलं हे खोटं आहे, पुन्हा पडेल. ऑगस्टमध्ये अमेरिकेचा निर्देशांक जुन्या शिखराच्या वर गेला. मी सप्टेंबरमध्ये हप्ता पुन्हा सुरू केला. एप्रिल-मेमध्ये माझ्या युनिटचा जो भाव होता, तो त्यानंतर आजवर मला कधी मिळाला नाही. ज्युनिअरने हप्ता थांबवला नव्हता. मी ‘काढू नकोस’ म्हणाले तेवढं ऐकून तिने फोन बंद केला आणि कामाला लागली.

यात फंडाचा दोष काही नाही. त्याने जे करायचं तेच केलं, यादी पडली तसा तो पडला. पण परीक्षण लिहायचं तर हे स्पष्ट लिहायला हवं: या वस्तूला ब्रेक नाही. बाजार ३४ टक्के पडला तर हा ३४ टक्के पडणार. आणि पडल्यावर पूर्ववत व्हायला ३४ टक्के चढून भागत नाही, जवळजवळ ५२ टक्के चढावं लागतं. निम्मे झाले तर दुप्पट व्हावे लागतात.

शिवाय दर वेळी पाच महिन्यांत सुटका होत नाही. २००७ च्या ऑक्टोबरपासून २००९ च्या मार्चपर्यंत तोच अमेरिकी निर्देशांक ५७ टक्के पडला, आणि जुन्या शिखरावर परतायला २०१३ उजाडलं. जपानचा निक्केई हा निर्देशांक १९८९ च्या शेवटच्या दिवसांत ३८,९१५ वर होता. तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला २०२४ च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षं. लोक मला सांगतात, “दीर्घकाळात बाजार वरच जातो.” मी त्यांना निक्केईचं सांगते. ज्याने सगळी रक्कम १९८९ मध्ये एकदम टाकली त्याचं काय झालं असेल, याचा विचार करून मला वाईट वाटतं. त्यानंतरची सगळी वर्षं दरमहा घालणाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण त्याची बरीच युनिटं खालच्या भावाची, आणि लाभांशही मिळत राहिला. तरी एकाच देशाच्या यादीवर सगळं आयुष्य टांगू नये, हे मी निक्केईवरून शिकले. गेली चार वर्षं माझ्या हप्त्याचा एक छोटा भाग जगभरच्या कंपन्यांच्या फंडात जातो.

“तू रोज बघतेस का?” नाही. लॅबमध्ये कंट्रोलचा रोजचा आकडा आम्ही एलजे चार्ट नावाच्या आलेखावर मांडतो. एखादा ठिपका थोडा वर, एखादा थोडा खाली, हे चालतंच. त्यावर दर वेळी मशीनचं कॅलिब्रेशन बदलत बसलं तर मशीन कधीच जागेवर राहणार नाही. नवीन टेक्निशियन हीच चूक करतात, प्रत्येक ठिपक्याला धावतात. पैशांचंही तसंच होतं, हे ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या दोन संशोधकांनी आकड्यांत दाखवलं. १९९१ ते १९९६ या काळातली ६६,४६५ कुटुंबांची खाती त्यांनी पाहिली. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले. त्याच काळात बाजाराने १७.९ टक्के दिले होते.

मी वर्षातून एकदाच बसते, एप्रिलमध्ये, आणि एकच गोष्ट तपासते. फंड आपल्या यादीच्या किती जवळ राहिला? यात एक खाच आहे, ती मला तिसऱ्या वर्षी कळली. मी वर्तमानपत्रातला निर्देशांक घेऊन तुलना करायचे आणि माझा फंड दर वर्षी एक-सव्वा टक्क्याने पुढे दिसायचा. मला आनंद व्हायचा. मग एकदा थांबून विचार केला, की जो फंड निव्वळ नक्कल करतो तो मूळ यादीच्या पुढे कसा जाईल? असा कंट्रोल आला असता तर मी रिपोर्ट अडवला असता. शोधल्यावर कळलं, वर्तमानपत्रातल्या आकड्यात कंपन्यांनी वाटलेला लाभांश धरलेला नसतो. फंडाच्या हाती मात्र तो येतो. लाभांश धरलेला निर्देशांक वेगळा प्रसिद्ध होतो, तुलना त्याच्याशी करायची. तशी केली तेव्हा माझा फंड दर वर्षी थोडासा मागे निघाला, साधारण खर्चाइतकाच. ते बरोबर होतं. फंड निवडताना एवढं एकच बघा: खर्च किती आणि या खऱ्या निर्देशांकाच्या तो किती मागे राहतो. मागे राहण्याचा आकडा खर्चापेक्षा बराच मोठा असेल तर तो फंड सोडून दुसरा बघा, यादी तीच मिळते.

आणखी दोन दोष सांगते. यादीत नवी कंपनी येते ती मोठी झाल्यावर. टेस्ला अमेरिकेच्या पाचशेच्या यादीत आली २०२० च्या डिसेंबरमध्ये, तेव्हा त्याच एका वर्षात तिचा भाव कितीतरी पटींनी चढून बसला होता. त्या यादीच्या फंडांना तो चढ मिळाला नाही आणि वरच्या भावाला ती घ्यावी लागली. दुसरं असं, की ‘पाचशे कंपन्या’ ऐकून वाटतं पैसा सगळीकडे सारखा पसरला आहे. तसं नसतं. २०२४ च्या अखेरीस त्या यादीच्या एक तृतीयांशाहून जास्त वजन पहिल्या दहा कंपन्यांत होतं. तुमच्या फंडाच्या माहितीपत्रकात पहिल्या दहांची टक्केवारी दिलेली असते. घेण्याआधी ती एकदा वाचा.

कुणी घेऊ नये, तेही सांगते. ज्याच्यावर क्रेडिट कार्डाचं कर्ज आहे त्याने आधी ते फेडावं, त्या व्याजाच्या वर कुठलाच फंड भरवशाने देत नाही. ज्याच्याकडे सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला नाहीत त्यानेही थांबावं. नाहीतर नोकरी जाणं आणि बाजार पडणं अनेकदा एकदमच घडतं, आणि नेमकं तेव्हा विकावं लागतं. २०२० मध्ये आमच्या लॅबमध्ये सॅम्पल कलेक्शनला असलेल्या एकाचं असंच झालं. त्याच्या बायकोचं काम सुटलं, घरभाडं द्यायचं होतं, आणि त्याने एप्रिलमध्ये तळाजवळ सगळं काढलं. तो घाबरला नव्हता. त्याच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. त्याने सुरू करण्याआधी मला विचारलं होतं, आणि मी खर्चाचं प्रमाण, यादी, सगळं समजावलं होतं. बाजूला पैसे आहेत का, हे विचारायचं राहिलं. आता मी कुणाशीही बोलताना तिथूनच सुरुवात करते.

आणि “किती वर्षांसाठी?” हा प्रश्न लोक विचारत नाहीत, तो मी त्यांना विचारते. फंड बाकी सगळ्या प्रश्नांची काळजी घेतो. कुठली कंपनी, कधी विकायची, कुणावर विश्वास ठेवायचा, हे सगळं तो डोक्यावरून उतरवतो. पैसे कधी लागणार, एवढं मात्र त्याला माहीत नसतं. पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे मी यात ठेवत नाही.

पुन्हा घेईन का? हो, पहिल्या दिवसापासून थेट प्रकारात घेईन. पाचपैकी चार गुण. एक कापला तो पहिल्या दहा कंपन्यांच्या वजनासाठी.

माझी मुलगी आता दहावीत आहे. तिच्या पुढच्या शिक्षणाला लागेल असा हिस्सा मी गेल्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी थोडा थोडा बाहेर काढते आणि मुदत ठेवीत टाकते. बाजार वर असो की खाली, तारीख ठरलेली आहे. मागच्या वेळी काढले आणि पुढच्याच आठवड्यात भाव चढला. दादाचा फोन आला, “थांबायला हवं होतंस.” मी म्हणाले, “दादा, फीची तारीख थांबणार नाही.” पुढची रक्कम या महिन्याच्या वीस तारखेला निघेल. निवृत्तीसाठीचा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी जातो तसा जातो आहे.